जनुक वाचून झाल्यावर

पुणे-सोलापूर रस्त्याने यवत मागे पडले की चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ करत साठेक किलोमीटरवर भिगवण लागते. बाहेरगावच्या लोकांना ते ठाऊक असते उजनीच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे, नाहीतर तिथल्या मासळीमुळे. वैद्यकाच्या जगात भिगवणचे नाव निघते ते निराळ्या कारणाने. १९९६ साली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली या गावात घरोघर जाऊन लोकांच्या सांधेदुखीची विचारपूस सुरू केली. भारतातली अशी ही पहिलीच पाहणी. चार हजारांहून अधिक प्रौढांची माहिती घेतली गेली, तेव्हा शंभरातल्या साधारण अठरा जणांना सांध्यांचे, स्नायूंचे किंवा हाडांचे काही ना काही दुखणे असल्याचे दिसले. त्यातली बरीचशी दुखणी कष्टाची आणि वयाची होती. ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात आणि आपण नुसते संधिवात म्हणून मोकळे होतो, तो आजार सुमारे अर्धा टक्का लोकांत निघाला.

अर्धा टक्का हा आकडा कागदावर क्षुल्लक वाटतो. दहा हजार प्रौढ माणसांच्या गावात त्याची पन्नास माणसे होतात, आणि त्यांत बायकाच जास्त असतात. अशा बाईची सकाळ मी यवतमध्ये जवळून पाहिली आहे. दोन्ही हातांची तीच तीच बोटे सुजलेली, मुळाशी आणि मधल्या पेरांवर. टोकाची पेरे मात्र शाबूत. परातीत पीठ घेतलेले असते, पण मळायला मूठ वळत नाही. नळाची चावी फिरत नाही. ऊन वर आल्यावर बोटे हळूहळू मोकळी होतात आणि मग ती भाकरी थापायला बसते. त्या सांध्यात जंतू नसतो, काटा मोडलेला नसतो, मारही लागलेला नसतो. तरी सूज आहे, आणि ती वर्षानुवर्षे आहे. ऊस तोडताना बोटाला पाचट कापते तेव्हाही सूज येते. बोट लाल होते, गरम होते, ठणकते. पण चार दिवसांत ओसरते. मग एका सुजेला ओसरायचे कळते आणि दुसरीला का कळत नाही? हे पुस्तक त्या प्रश्नापायी लिहिले आहे. ओसरणे आपोआप घडत नाही, पेशी ते काम करून घडवते, आणि त्या कामाचा फार मोठा भाग जनुक वाचून झाल्यानंतरचा असतो, एवढेच मला यात सांगायचे आहे.

मी यवतमध्ये मुलांना जीवशास्त्र शिकवतो. अकरावी-बारावीच्या पुस्तकात हा प्रवास एका ओळीत येतो : डीएनएवरून एमआरएनए, एमआरएनएवरून प्रथिन. मुले ती ओळ पाठ करतात, परीक्षेत बाणांसह काढून दाखवतात आणि बाहेर पडतात. १९६१ साली एमआरएनए सापडला तेव्हा तो जनुकाचा निरोप प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमपर्यंत नेणारा रेणू म्हणून सापडला, आणि पुढची पुष्कळ वर्षे अभ्यासकांचे लक्ष निरोप निघतो केव्हा याकडेच होते. जनुक चालू की बंद, एवढाच प्रश्न. निघालेला निरोप किती वेळ टिकतो, तो वाचला जातो की पडून राहतो, तो कोण आणि केव्हा नष्ट करतो, हे प्रश्न दुय्यम मानले गेले. दाहाच्या, म्हणजे वर सांगितलेल्या सुजेच्या, बाबतीत नेमके तेच प्रश्न मुख्य निघाले.

करोनाच्या साथीनंतर एमआरएनए हा शब्द तरी घरोघरी पोचला. आपल्या पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीची जेमकोव्हॅक-१९ ही भारतात तयार झालेली पहिली एमआरएनए लस. तिला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळाली आणि ती दोन ते आठ अंश तापमानाला, म्हणजे साध्या शीतपेटीत ठेवता येते. या लसींच्या बातम्यांत एक गोष्ट वारंवार छापून आली, की एमआरएनए फार नाजूक, लवकर नष्ट होणारा रेणू आहे. छापून आले ते दोष म्हणून. शरीराच्या दृष्टीने हा दोष नाही. पेशीने काही निरोप मुद्दाम नाजूक ठेवलेले आहेत, आणि दाह पेटवणाऱ्या प्रथिनांचे निरोप त्यांत पहिल्या रांगेत बसतात.

त्यातले सर्वांत अभ्यासलेले प्रथिन म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, टीएनएफ. मॅक्रोफेज नावाची भक्षक पेशी ते मुख्यत्वे बनवते. जिवाणूच्या आवरणाचा तुकडा दिसला की काही मिनिटांत ही पेशी जागी होते आणि टीएनएफ सोडू लागते. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी त्या जागी गोळा होतात, ताप चढतो. थोडे टीएनएफ जीव वाचवते. तेच रक्तात भरमसाट उतरले तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस जातो; जंतुसंसर्गाने येणाऱ्या शॉकमध्ये असेच घडते. थोडे पण सतत पाझरत राहिले तर सांधे झिजतात, माणूस वाळत जातो. ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी हे १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जनावरांना वाळवत नेणाऱ्या एका पदार्थाचा पाठलाग करत होते, आणि तो पदार्थ म्हणजेच टीएनएफ असल्याचे १९८५ साली उघड झाले. ब्यूटलर यांना पुढे २०११ मध्ये, पेशी जंतू ओळखते कशी या कामासाठी, नोबेल मिळाले.

ब्यूटलर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये केलेली एक मोजणी मला या सगळ्या विषयाचे दार वाटते. मॅक्रोफेजला जिवाणूच्या आवरणाचा अर्क दिला. टीएनएफचे जनुक वाचले जाण्याचा वेग वाढला साधारण तिप्पट. त्याच्या निरोपांची संख्या वाढली शंभरपटीच्या आसपास. आणि बाहेर पडलेले प्रथिन वाढले दहा हजारपटीच्या घरात. वाचकाने इथे थोडे थांबावे. जनुक वाचण्यात झालेली वाढ तिप्पटच आहे. उरलेली सगळी वाढ त्यानंतरच्या टप्प्यांवर झाली आहे : निरोप जास्त वेळ टिकले म्हणून, आणि एकेक निरोप जास्त वेळा वाचला गेला म्हणून. ज्यांना जनुक वाचून झाल्यानंतरचे काम वरवरची डागडुजी वाटते, त्यांनी हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

अशी व्यवस्था का असावी, हे यवतच्या माणसाला समजावणे सोपे आहे. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून मुक्कामाला आमच्या काळभैरवनाथाच्या देवळात येते आणि गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढते. दिंड्या वेशीत आल्यावर हरभरे दळायला घेतले तर पंगती बसणार केव्हा? पीठ, मीठ, मिरची, चुली, कढया, वाढपी हे सारे आधीच सज्ज असते. पालखी आली की आधण येते आणि पिठलं हाटले जाते. मॅक्रोफेजचेही तसेच आहे. टीएनएफचे काही निरोप तिच्यात आधीच असतात, फक्त ते टिकू दिले जात नाहीत आणि फारसे वाचले जात नाहीत. हाक आली की सुरुवातीपासून सुरुवात करावी लागत नाही, म्हणून तासाभरात प्रथिन रक्तात दिसते.

आता हे निरोप टिकू का दिले जात नाहीत, ते जवळून पाहू. प्रत्येक एमआरएनएमध्ये प्रथिनाची कृती सांगणारा भाग असतो आणि त्याच्या पुढे एक मोकळा पट्टा, ज्यावरून प्रथिन बनत नाही. या पट्ट्याच्या शेवटी ए या एकाच अक्षराची लांब शेपूट असते. १९८६ सालीच ब्यूटलर ज्या गटात होते त्या गटाला दिसले, की टीएनएफच्या मोकळ्या पट्ट्यात ए आणि यू या दोन अक्षरांची एक विचित्र माळ आहे, एयूयूयूए, एयूयूयूए, पुन्हा पुन्हा. आणि दाहाशी संबंधित इतर प्रथिनांच्या निरोपांतही तीच माळ आहे. त्याच वर्षी ग्रे शॉ आणि रॉबर्ट कामेन यांनी निर्णायक प्रयोग केला. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या ग्लोबिनचा निरोप भलताच टिकाऊ असतो. त्याच्या पट्ट्यात त्यांनी जीएम-सीएसएफ या दाहकारक प्रथिनाच्या निरोपातली ए-यू माळ जोडली. टिकाऊ ग्लोबिन झटपट नष्ट होऊ लागला. म्हणजे निरोपाचे आयुष्य निरोपातच लिहिलेले होते.

लिहिलेले वाचणारे कोणी तरी हवे. तो वाचक म्हणजे ट्रिस्टेट्राप्रोलिन, टीटीपी नावाचे प्रथिन. त्याला जस्ताच्या अणूंनी बांधलेली दोन बोटे असतात आणि ती या ए-यू माळेवर घट्ट बसतात. बसले की टीटीपी आपल्या दुसऱ्या टोकाने सीसीआर४-नॉट नावाचा मोठा प्रथिनसमूह ओढून आणते. हा समूह निरोपाची शेपूट एकेक अक्षर करून खातो. शेपूट आखूड झाली की निरोप वाचला जाणे मंदावते, आणि मग बाकीचा भागही कुरतडला जातो. टीएनएफच्या निरोपाचे आयुष्य यामुळे तासाच्याही आतले राहते.

हे काम किती मोलाचे, ते टीटीपी काढून घेतल्यावर कळले. अमेरिकेत पेरी ब्लॅकशिअर यांच्या गटाने १९९६ मध्ये टीटीपीचे जनुक नसलेले उंदीर तयार केले. जन्मले तेव्हा ते ठीक होते. काही आठवड्यांत वाळू लागले, कातडीवर चट्टे आले, केस गेले, पायांचे सांधे सुजून हाडे झिजू लागली. त्यांना टीएनएफ अडवणारी प्रतिपिंडे दिली तेव्हा हे बहुतेक सारे टळले. १९९८ मध्ये याच गटाने दाखवले, की टीटीपी टीएनएफच्या निरोपाला थेट धरून नष्ट करते. पुढच्याच वर्षी ग्रीसमध्ये जॉर्ज कोलियास यांच्या प्रयोगशाळेत दिमित्रिस कोन्तोयानिस यांनी उलट बाजूने तेच सिद्ध केले. टीटीपीला हात न लावता त्यांनी उंदराच्या टीएनएफ जनुकातून फक्त ए-यू माळेची सत्तरेक अक्षरे काढली. प्रथिनाची कृती जशीच्या तशी, जनुक वाचण्याची यंत्रणा जशीच्या तशी. तरी त्या उंदरांना संधिवात झाला आणि आतड्यात क्रोन्स आजारासारखा दाहही झाला. उंदरात दिसले ते माणसात तसेच्या तसे होते असे नाही, आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या एका कारणाने होतो असे मी कुठेही म्हटलेले नाही. पण सांध्याला बाहेरून काहीही न होता, केवळ निरोप वेळेवर न मेल्याने सांधा मोडू शकतो, एवढे या उंदरांनी पक्के केले.

मग खरा संसर्ग आल्यावर टीएनएफ बनते कसे? टीटीपी तर बसलेलेच असते. इथे पी-३८ येतो. १९९४ मध्ये औषध शोधणाऱ्या एका गटाला दिसले, की दाहाची प्रथिने कमी करणारी काही रसायने पेशीतल्या एकाच एन्झाइमला धरतात. ते हे पी-३८. जिवाणूची चाहूल लागली की पी-३८ जागे होते, ते एमके-२ या दुसऱ्या एन्झाइमला जागे करते, आणि एमके-२ टीटीपीवर दोन ठिकाणी फॉस्फेट चिकटवते. फॉस्फेट लागलेले टीटीपी शेपूट खाणाऱ्या समूहाला नीट ओढू शकत नाही. निरोपावरची त्याची पकड ढिली होते आणि त्या जागी एचयूआर नावाचे, निरोप सांभाळणारे प्रथिन येऊन बसते. निरोप टिकतो, वाचला जातो, टीएनएफचा पूर येतो. जर्मनीतल्या मॅथियास गेस्टेल यांच्या गटाने १९९९ मध्ये एमके-२ नसलेल्या उंदरांना जिवाणूच्या विषाचा मारक डोस दिला तेव्हा ते तगले. त्यांच्या पेशीत टीएनएफचे जनुक वाचले जात होते, प्रथिन मात्र फारच थोडे बनत होते.

या साखळीतला पुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो, आणि पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण मी त्यालाच दिले आहे. ज्या पी-३८ ने टीटीपीला निष्क्रिय केले, तेच पी-३८ त्याच वेळी टीटीपी अधिकाधिक बनवायला लावते. शिवाय ते स्वतःला गप्प करणारे एन्झाइमही, डीयूएसपी-१, बनवून घेते. म्हणजे दाह भडकत असतानाच पेशीत निष्क्रिय टीटीपीचा साठा होत राहतो. तासा-दोन तासांनी डीयूएसपी-१ पी-३८ ला शांत करते, टीटीपीवरचे फॉस्फेट उतरते, आणि तो सगळा साठा एकदम कामाला लागून टीएनएफचे निरोप नाहीसे करतो. टीटीपीच्या स्वतःच्या निरोपातही ए-यू माळ आहे, म्हणून काम झाल्यावर ते आपलेही उत्पादन आवरते. सुजेच्या पहिल्या मिनिटालाच तिच्या शेवटाची तयारी सुरू झालेली असते.

हे न ओळखल्याची किंमत औषध उद्योगाने मोजली. पी-३८ अडवले की टीएनएफ कमी, इतके सरळ गणित धरून अनेक कंपन्यांनी गोळ्या तयार केल्या आणि संधिवाताच्या रुग्णांवर त्यांच्या चाचण्या झाल्या. पहिल्या काही दिवसांत रक्तातला सीआरपी, म्हणजे दाहाचा मोजमाप-घटक, झपाट्याने उतरला. सगळे सुखावले. पण औषध चालू असतानाच काही आठवड्यांत तो पुन्हा पहिल्या जागी आला. सांध्यांना म्हणावा तसा गुण आला नाही, यकृताला त्रास झाला आणि एकेक गोळी मागे पडली. कारणे एकाहून अधिक आहेत. पण पी-३८ हे दाह पेटवण्याचे जितके, तितकेच विझवण्याचेही साधन आहे, आणि गोळीने दोन्ही कामे बंद पाडली, हे त्यातले मोठे कारण आहे असे माझे मत आहे.

टीएनएफबद्दल मी विस्ताराने लिहिले कारण त्याची गोष्ट सर्वांत पूर्ण आहे. बाकीच्या वाटा इथे नुसत्या नोंदवतो. आयएल-६ या प्रथिनाचा निरोप तोडायला रेग्नेज-१ नावाचे वेगळेच एन्झाइम आहे. जपानमध्ये शिझुओ अकिरा यांच्या गटाने ते २००९ मध्ये उजेडात आणले. बावीसेक अक्षरांचे सूक्ष्म आरएनए, विशेषतः मिर-१४६ए, दाहाचा इशारा पुढे नेणाऱ्या प्रथिनांवरच अंकुश ठेवतात. सूक्ष्म आरएनए सापडल्याबद्दल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. प्रथिन बनून झाल्यावरही पेशीच्या हाती लगाम असतो : टीएनएफ आधी पेशीच्या कातडीत अडकलेले असते आणि एक एन्झाइम ते कापून सोडते, आयएल-१ बीटा तर कापले जाईपर्यंत निरुपयोगीच असते.

एका वाटेवर मात्र पुन्हा रेंगाळायला हवे, कारण ती पुण्यात येते. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये पॉल फॉक्स यांची प्रयोगशाळा सेरुलोप्लाझ्मिन या दाहात वाढणाऱ्या, तांबे बाळगणाऱ्या प्रथिनाचा अभ्यास करत होती. इंटरफेरॉन-गॅमा हे इशारा देणारे प्रथिन दिल्यावर पांढऱ्या पेशी सेरुलोप्लाझ्मिन बनवू लागत. सोळा तासांच्या सुमारास उत्पादन ठप्प होई. निरोप तपासले तर ते पेशीत भरपूर होते. निरोप आहे, वाचणारे रायबोसोम आहेत, आणि वाचन बंद. शोध घेता दिसले, की रायबोसोमचाच एक घटक, एल१३ए, रायबोसोम सोडून बाहेर पडतो, आणि एरवी अमिनो आम्ले जोडून देण्याचे काम करणारे एक एन्झाइमही आपली जागा सोडते. ही दोन्ही इतर साथीदारांसह निरोपाच्या मोकळ्या पट्ट्यावर बसतात आणि वाचन रोखतात. प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतलेच सभासद ठरल्या वेळी तिला आवरायला येतात. २००३ आणि २००४ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. लेखकांत बरसनजित मजुमदार, प्रभा संपत आणि वासुदेवन शेषाद्री ही नावे आहेत. शेषाद्री पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आले. तिथल्या त्यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले, की रक्तातली साखर वाढल्यावर इन्सुलिन वेगाने वाढते ते त्याच्या निरोपाच्या सुरुवातीच्या मोकळ्या पट्ट्याला धरणाऱ्या प्रथिनांमुळे, निरोप अधिक वाचला गेल्याने. विषय दाहाचा नव्हे, विचार तोच.

याच केंद्रात भास्कर साहा यांच्या गटाने २००४ मध्ये काळ्या आजाराच्या वर्गातल्या लीशमॅनिया परजीवीवर काम करताना पी-३८ चे दुसरे रूप दाखवले. मॅक्रोफेजच्या सीडी-४० या ग्राहकाला जोराचा इशारा मिळाला तर पी-३८ मार्गे परजीवी मारणारा प्रतिसाद उठतो. इशारा क्षीण असेल तर ईआरके या दुसऱ्या एन्झाइममार्गे दाह शमवणारा. परजीवी या दोहोंतला तोल आपल्या बाजूला झुकवून घेतो. मोहन वाणी यांच्या तिथल्याच गटाने आयएल-३ हे प्रथिन टीएनएफमुळे होणारी हाडांची झीज आणि उंदरातला संधिवात कसा रोखते, यावर दीर्घकाळ काम केले आहे. यवतहून विद्यापीठाचे फाटक दीड-दोन तासांवर आहे. तिथे काय चालते हे आमच्या मुलांना मराठीत वाचायला मिळावे, ही या पुस्तकामागची एक उघड इच्छा आहे.

दाहाचा सार्वजनिक अनुभव आमच्या भागाने घेतला तो चिकुनगुन्याच्या साथीत. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला या तापाची साथ आली होती. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला. त्यानंतर हा विषाणू तीन दशकांहून अधिक काळ देशात दबून राहिला, २००५च्या अखेरीस परतला आणि २००६ मध्ये भारतभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप चार-पाच दिवसांत गेला. सांधे मात्र कित्येकांचे महिनोन्‌महिने धरलेले राहिले, हे त्या वर्षी ज्यांनी घरात पाहिले त्यांना सांगायला नको. चोप्रा यांच्या गटाने सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात अशा रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. या विषाणूची आपल्या विषयाशी थेट गाठ आहे. मानवी पेशींवरच्या प्रयोगांत दिसले, की विषाणू शिरल्यावर पेशी विषाणूशी लढणाऱ्या इंटरफेरॉनचे जनुक वाचते, निरोप मुबलक तयार होतात, पण प्रथिन बनवण्याची यंत्रणाच बंद पडल्याने इंटरफेरॉन जेमतेम निघते. जनुक चालू आहे की नाही एवढेच तपासणाऱ्याला ही पेशी लढते आहे असे वाटले असते.

शेवटी औषधांकडे येतो, कारण वाचकाचा संबंध तिथे येतो. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताने खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि ती काही दिवसांत उठून चालू लागली. स्टेरॉइड दाहाची जनुके वाचणे कमी करते हे पुढे कळले. त्याचा दुसरा हात नंतर उलगडला : ते डीयूएसपी-१ आणि टीटीपी वाढवते, पी-३८ शांत करते आणि टीएनएफ, कॉक्स-२ यांसारख्या प्रथिनांचे निघालेले निरोपही लवकर नष्ट होऊ देते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने व्हेंटिलेटरवरच्या करोना रुग्णांतले मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एक तृतीयांश घटल्याचे जाहीर केले, तेव्हा हे स्वस्त, जुने औषध सगळ्या जगाच्या उपयोगी पडले. मात्र ज्या टीएनएफला आवरायचे, तेच क्षयाच्या जंतूला फुप्फुसात कोंडून ठेवत असते. टीएनएफ अडवणारी इंजेक्शने आल्यावर थोड्याच वर्षांत, २००१ मध्ये, त्यांच्या रुग्णांत दबलेला क्षय उफाळल्याचे नोंदले गेले. क्षय घरोघरी असलेल्या आपल्या देशात म्हणूनच ही इंजेक्शने सुरू करण्याआधी डॉक्टर छातीचा फोटो आणि क्षयाच्या तपासण्या करून घेतात. त्या तपासण्यांना कंटाळू नये.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडेसे. पहिली तीन प्रकरणे बारावीच्या विद्यार्थ्याला अडणार नाहीत. चौथे पी-३८ आणि टीटीपीवरचे. ते सावकाश, शक्य तर कागद-पेन्सिल घेऊन वाचावे. सूक्ष्म आरएनएचे प्रकरण घाईत असेल त्याने सोडले तरी पुढचे कळते. रोगांवरची शेवटची दोन प्रकरणे मी आमच्या आशाताई, परिचारिका आणि दवाखान्यात नव्याने रुजू झालेले डॉक्टर यांना समोर धरून लिहिली आहेत. नावांचा त्रास होईल. पेशीविज्ञानात नावे वेडीवाकडीच असतात. ती पाठ करण्यापेक्षा कोण कोणाला आवरते तेवढे लक्षात ठेवावे.

वाचकांना एक कळकळीची विनंती आहे. आठवडी बाजारात, प्रवासात, ओळखीच्या माणसाकडून सांधेदुखीवर पुड्या आणि बिनलेबलाच्या गोळ्या मिळतात. दोन दिवसांत आराम पडतो, कारण त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. आणि वर्षभरात साखर, रक्तदाब, ठिसूळ हाडे मागे लागतात. अशी पुडी घेऊ नये. घेत असाल तर मनाने एकदम बंदही करू नये, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे तोवर कमी केलेले असते. डॉक्टरांना खरे सांगून हळूहळू सोडावी. आणि घरात कोणाचीही हाताची बोटे रोज सकाळी तासाभराहून अधिक वेळ आखडत असतील, दोन्ही हातांची पेरे सुजत असतील आणि हे सहा आठवडे चालले असेल, तर वय झाले म्हणून गप्प बसू नका. सांध्याचे हाड एकदा झिजले की परत येत नाही. तपासणी वेळेवर झाली आणि उपचार लवकर सुरू झाले तर ते आज वाचवता येते.